क्लबचं वर्षभराचं कॅलेंडर कसं लावायचं: रक्तदान, वारी, झाडं आणि मोतीबिंदू

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आमच्या समाजसेवी क्लबने रक्तदान शिबिर घेतलं होतं. मोठा मांडव, पाहुणे, दोनशेच्या वर बॅगा झाल्या, सगळे खूश. आणि त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या ओळखीतल्या एका थॅलेसेमियाच्या (ज्यात सतत रक्त चढवावं लागतं त्या आजाराच्या) मुलाचे वडील रक्तासाठी तीन रक्तकेंद्रं फिरले, कुठेच त्याच्या ग्रुपची बॅग नव्हती. शेवटी रात्री साडेनऊला आमच्यातलाच एक मेंबर गाडी काढून गेला आणि रक्त देऊन आला. त्या रात्री मी डायरी काढून बसले. फेब्रुवारीच्या बॅगांचं काय झालं असेल हा हिशोब अवघड नाही, लाल पेशी साठवणीत ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर फक्त ५ दिवस. म्हणजे आपण दिलेलं रक्त मार्चअखेरपर्यंतच कामाचं होतं, आणि तुटवडा होता मेमध्ये.

तेव्हापासून आमच्या क्लबमध्ये एक पद्धत पाडली, आधी गरज कधी आहे ते बघायचं आणि मग तारीख काढायची. पाहुण्यांची वेळ, पदग्रहण, प्रांतपालांची (क्लबच्या विभागप्रमुखांची) व्हिजिट हे सगळं त्यानंतर. मी चार वर्षं सेक्रेटरी होते, आता नवीन टीम येतेय, शेजारच्या दोन-तीन क्लबमधूनही विचारणा होते की तुम्ही कॅलेंडर कसं लावता, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते. आम्ही सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातले, त्यामुळे उदाहरणं इकडची आहेत, तुम्ही तुमच्या भागाप्रमाणे बदला.

रोटरी असो की लायन्स, वर्ष १ जुलैला सुरू होतं. पण कॅलेंडरचं काम मेमध्येच करायला घ्या, जूनमध्ये सगळे पेरणी, शाळा, ॲडमिशन यात अडकतात. एक मोठा कागद घ्या, बारा महिन्यांचे रकाने पाडा आणि पहिल्यांदा कार्यक्रम लिहूच नका, ज्या दिवशी माणसं येणार नाहीत ते दिवस लिहा. कालनिर्णय शेजारी ठेवा. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण पुढे सरकलेत, आषाढी २५ जुलै २०२६ ला, श्रावण १३ ऑगस्टपासून, गणपती १४ सप्टेंबरला, नवरात्र ११ ऑक्टोबरपासून, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. गेल्या वर्षीची फाईल काढून त्याच तारखा टाकल्या तर यंदा सगळंच चुकेल. शाळांच्या परीक्षा, कारखान्याचा हंगाम, गावची जत्रा, पुढच्या वर्षीचा रमजान (साधारण फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतोय) हेही लिहा. कागद असा भरला की मोकळे रविवार आपोआप दिसतात, आणि ते वाटतात त्याच्यापेक्षा खूप कमी असतात.

आता रक्तदान. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात आणि इथेच चूक सगळ्यात महाग पडते.

वर्षात एक मोठं शिबिर घेण्यापेक्षा चार छोटी घ्या. पुरुषाला दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर लागतं आणि बाईला १२० दिवसांचं, हे आकडे समोर ठेवून तारखा लावायच्या. आम्ही २०२६-२७ साठी रविवार बघून अशा काढल्यात: ५ जुलै, ४ ऑक्टोबर, १७ जानेवारी आणि २५ एप्रिल. प्रत्येक दोन तारखांत ९० च्या वर दिवस आहेत, म्हणजे एखादा पुरुष रक्तदाता चारही वेळा येऊ शकतो. बायकांचं मात्र सलग दोन शिबिरांत बसत नाही, म्हणून त्यांच्या दोन याद्या करायच्या, एक जुलै-जानेवारीची आणि एक ऑक्टोबर-एप्रिलची. हे न करता आम्ही एका वर्षी सगळ्यांना सगळीकडे बोलावलं होतं आणि कॉलेजच्या तीस-पस्तीस मुली येऊन अंतर भरलं नाही म्हणून परत गेल्या. त्यातल्या बऱ्याच जणी पुन्हा आल्याच नाहीत, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

याच तारखा का तेही सांगते. जुलैपासून डेंग्यूचे पेशंट वाढायला लागतात, प्लेटलेट्स लागतात. १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय स्वेच्छा रक्तदान दिवस, यंदा तो गुरुवारी आणि पितृपक्षात येतोय. लोक म्हणतात पितृपक्षात कार्यक्रम कशाला, मी म्हणते त्यातच घ्या, हॉल मोकळा असतो, मांडववाला मोकळा असतो, दुसरे कार्यक्रम नसतात, आणि पुढे नवरात्रात उपवास अन दिवाळीत कॉलेजं बंद, रक्तकेंद्राकडे तेव्हा साठा कमी होतो. जानेवारीचं त्यातल्या त्यात सोपं. आणि एप्रिल-मे हा सगळ्यात कठीण काळ, कॉलेजला सुट्टी, लोक गावाला, ऊन, लग्नं, कोणी शिबिर घ्यायला तयार नसतं. म्हणून एप्रिलचं शिबिर आमच्याकडे सगळ्यात महत्त्वाचं धरतात. चारपैकी एकच जमणार असेल तर एप्रिलचंच घ्या. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते.

उपवासाच्या दिवशी शिबिर ठेवू नका हे वेगळं सांगायला नको, पण होतं. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, चतुर्थी, रोजे. उपाशीपोटी रक्त घेत नाहीत आणि घेऊही नये, चक्कर येते. रक्तदात्याने आदल्या रात्री नीट झोपलेलं असावं आणि सकाळी पोटभर नाश्ता करून यावं, हे मेसेजमध्ये पहिल्या ओळीत लिहा. आम्ही गेटवरच पोहे-केळी ठेवतो, नाश्ता केलाय का विचारूनच आत सोडतो.

रक्तकेंद्राला निदान महिनाभर आधी भेटा, लेखी पत्र द्या आणि त्यांना विचारा की तुम्हाला या तारखेला किती बॅगा हव्यात. हो, किती हव्यात ते विचारायचं. आपण दोनशेची तयारी करतो आणि त्यांच्याकडे ऐंशीचीच गरज असते असंही होतं, मग ते तोंडावर नाही म्हणत नाहीत पण रक्त वाया जाऊ शकतं. रक्तकेंद्राचा परवाना चालू आहे ना, घटक वेगळे करायची सोय आहे का, हे बघून घ्या, कारण एका बॅगेतून लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट्स वेगळे झाले तर ती एकापेक्षा जास्त पेशंटच्या कामी येते. नंतर आपल्या गावातल्या पेशंटला रक्त लागलं तर काय व्यवस्था, तेही आधीच बोलून ठेवा.

बेडचा हिशोब सोपा आहे. एका बेडवर तासाला तीन-चार जण होतात, चार बेड आणि पाच तास म्हणजे साठ ते ऐंशी. त्याच्यापेक्षा जास्त माणसं एकदम बोलावली की रांग लागते, लोक कंटाळून जातात. म्हणून आम्ही वेळ वाटून देतो, शिक्षक मंडळी आठला, दुकानदार साडेआठला (दुकान उघडायच्या आधी), कॉलेजची पोरं दहानंतर, ती लवकर येतच नाहीत. एप्रिलमध्ये मात्र साडेसातला सुरू आणि बाराला बंद, दुपारच्या उन्हात रक्त दिलेल्या माणसाला मोटारसायकलवर घरी पाठवायचं नाही.

वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, हे सगळ्यांना माहीत असतं. पण गेल्या वर्षभरात टॅटू काढलाय, ऑपरेशन झालंय, कावीळ झाली होती, सध्या कसली औषधं चालू आहेत, हे लोक सांगत नाहीत. का सांगत नाहीत? कारण फॉर्म भरायचं टेबल मधोमध असतं आणि शेजारी काका, मामा, सासरे उभे असतात. गाव छोटं असतं. तपासणीचं टेबल पडद्याआड लावा, दोन साड्या बांधल्या तरी चालतील, आणि तिथे डॉक्टर आणि रक्तदाता सोडून तिसरं माणूस नको, क्लबचा अध्यक्ष पण नको. रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया अशी तपासणी पुढे होतेच, पण माणसाने आधी खरं सांगणं ही पहिली चाळणी आहे. आणि तपासणीत काही निघालं तर रक्तकेंद्र त्या माणसाला स्वतः कळवतं, आपण चौकशीही करायची नाही.

भेटवस्तूंचं पण स्पष्ट बोलते. हेल्मेट, मिक्सर, डबे, लकी ड्रॉ हे बंद करा. वस्तूसाठी आलेला माणूस आजार लपवतो, त्याचा त्रास ज्याला रक्त चढतं त्याला होतो. पैसे देऊन रक्त घेणं तर आपल्या देशात १ जानेवारी १९९८ पासून बंदच आहे. सर्टिफिकेट, कार्ड, चहा-नाश्ता आणि मनापासून आभार एवढं पुरतं, आमच्याकडे पाच वर्षं एकही वस्तू दिली नाही आणि माणसं येतात.

हिमोग्लोबिन कमी भरलं म्हणून परत गेलेल्या बायकांची आणि मुलींची वेगळी नोंद ठेवा, अर्थात त्यांना विचारून. दर शिबिरात अशा बऱ्याच निघतात. आम्ही त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे बसवतो, गोळ्या कशा घ्यायच्या, जेवणात काय वाढवायचं, चहा गोळीबरोबर का घ्यायचा नाही, सगळं समजावून सांगतात, आणि तीन महिन्यांनी फोन करतो. "तुमचं रक्त कमी आहे, जा" एवढंच सांगून बाईला पाठवून देणं मला पटत नाही.

अजून एक, निगेटिव्ह ग्रुपवाल्यांना शक्यतो शिबिरात रक्त द्यायला लावू नका, आधी रक्तकेंद्राला विचारा. त्यांचे नंबर यादीत ठेवायचे, शेवटची रक्तदानाची तारीख लिहायची, आणि गरज पडली की बोलवायचं. बॉम्बे ब्लड ग्रुप तर याहून दुर्मिळ, १९५२ साली मुंबईत सापडला म्हणून हे नाव, त्या माणसाला ओ ग्रुपचं रक्तही चालत नाही. असा कोणी तुमच्या गावात असला तर त्याचं नाव जिल्ह्याच्या रक्तकेंद्राला माहीत पाहिजे.

रक्त देऊन झाल्यावर पंधरा मिनिटं बसवायचंच, सरबत पाजायचं. कोणाला गरगरलं तर आडवं करायचं, पाय वर घ्यायचे, भोवती गर्दी करायची नाही, फोटो तर अजिबात नाही.

आता वारी. माउलींची पालखी आमच्या तालुक्यातून नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी जाते, एकादशीच्या साधारण पाच-सहा दिवस आधी. म्हणजे यंदा जुलैचा तिसरा आठवडा. इथे तारीख आपण काढायची नसते, ती ठरलेलीच आहे, फक्त काम काय करायचं ते ठरवायचं. जेवणावळी भरपूर असतात, बिस्किटं-केळी इतकी वाटली जातात की रस्त्यावर पडतात. वारकऱ्यांना विचारलं तर मागणी वेगळीच निघते: पायाच्या फोडांवर औषध, चपलेचा अंगठा शिवून देणारं कोणी, मोबाईल चार्जिंग, बायकांना कपडे बदलायला आडोसा आणि स्वच्छ संडास. म्हणून आम्ही जेवण बंद केलं आणि ही कामं घेतली.

फोड फोडायचा नाही हे स्वयंसेवकांना आधी शिकवा. पाय धुवायचे, कोरडे करायचे, फुटलेला फोड असेल तर नर्सिंगची मुलं किंवा डॉक्टरच पट्टी करतील. साखर असलेल्या माणसाच्या पायाला बधिरपणा असू शकतो, मग त्याला जखम कळतच नाही, म्हणून "माउली, शुगर आहे का" हे प्रत्येकाला विचारायचं. ओआरएसचं एक पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं-अर्धं अंदाजाने नाही, आणि केलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. चार्जिंगला टोकन ठेवा, एक मोबाईल हरवला तर सगळ्या कामाचा विचका होतो. चांभारकाका आम्ही मजुरी देऊन बसवतो, दिवसभराचे पैसे आधी ठरवतो. जागेसाठी नगरपंचायत किंवा ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणं दोघांना जूनमध्येच अर्ज द्या. आणि पालखी पुढे गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला झाडू घेऊन या. त्या दिवशी कोण येणार त्याची नावं आधी लिहून घ्या, नाहीतर पाच जणच उरतात.

झाडांचं थोडक्यात. कार्यक्रम जुलैत दिसतो पण काम मेमध्ये सुरू होतं, दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डे घेऊन ते उन्हात तापू द्यायचे, मग शेणखत, निंबोळी पेंड आणि माती. आमचा पट्टा कमी पावसाचा, त्यामुळे पहिल्या सरीवर लावायची घाई करू नका, जमीन नीट भिजू द्या. रोपं तीन-चार फुटांच्या वरची घ्या, वन खात्याच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मिळतात. कडुनिंब, करंज, वड, पिंपळ, जांभूळ, बहावा लावा. सुबाभूळ, निलगिरी नको.

किती लावायची? जितक्या झाडांना फेब्रुवारी ते मे पाणी घालायला माणूस आहे तितकीच. आम्ही एका वर्षी तीनशे लावली, पुढच्या पावसाळ्यापर्यंत पंचवीस-तीस उरली. आता वर्षाला चाळीस लावतो, प्रत्येक झाडाला एका घराचं नाव, आठवड्यातून दोनदा पाणी, बुडाशी उसाच्या पाचटाचं आच्छादन. पाचट इकडे फुकट मिळतं, लोक पेटवून देतात, तेच आणा, ओल टिकते. शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण जाळीपेक्षा बरं, आणि जाळी चोरीला जाते. फोटो काढायचाच तर ३१ मे ला काढा.

डोळ्यांचं शिबिर आम्ही दिवाळीनंतर घेतो, यंदा २९ नोव्हेंबरला रविवारी. मोतीबिंदूचं ऑपरेशन थंडीतच करतात असं आपल्याकडे मानतात, तसं काही नाही, कुठल्याही ऋतूत होतं, आणि मोतीबिंदू पिकायची वाट बघायचीही गरज नसते. पण म्हाताऱ्या माणसांच्या मनात ते बसलंय आणि तेव्हा घरचे माणूस सोबत द्यायला तयार असतात, म्हणून ती वेळ. इथे तपासणी फक्त गावात, ऑपरेशन हॉस्पिटलमध्येच, शाळेच्या खोलीत कधीही नाही. तपासणीच्या दिवशीच शुगर आणि बीपी बघून घ्या, वाढलेलं असेल तर आधी ते आटोक्यात आणून मग पुढच्या गाडीला पाठवायचं. नाहीतर आजीबाई बसमधून जातात आणि तशाच परत येतात, मग दुसऱ्यांदा जायला तयार होत नाहीत.

खरं काम ऑपरेशननंतर असतं. थेंब महिना-दीड महिना घालायचे असतात, दिवसातून ठरावीक वेळा, हात धुऊन, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही. घरी एकटी राहणारी आजी हे कसं करणार? म्हणून प्रत्येक पेशंटमागे क्लबचा एक मेंबर नेमतो, तो पहिले सात दिवस रोज फोन करतो किंवा जाऊन येतो. डोळा लाल झाला, दुखायला लागला, दिसायचं कमी झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटलला न्यायचं, उद्या बघू म्हणायचं नाही. जितके मेंबर वेळ देणार तितकेच पेशंट घ्या. आमचा आकडा चोवीसच्या वर जात नाही, आणि तो वाढवा म्हणून मागे लागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो.

ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास येतात, त्यांच्यासाठी डिसेंबर-जानेवारीत फडावर जाऊन बायकांची तपासणी आणि मुलांचं लसीकरण राहिलंय का ते बघायचं, हे यंदा पहिल्यांदा घेतोय. आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला सोबत घेतल्याशिवाय यात पडू नका. वेळ संध्याकाळची ठेवावी लागेल, दिवसा त्या फडात असतात आणि मजुरी बुडवून कोणी येणार नाही.

पैशांचं एकच सांगते, प्रत्येक प्रोजेक्टचा हिशोब आठ दिवसांत ग्रुपवर टाका, बिलांच्या फोटोसकट. उशीर झाला की कुजबुज सुरू होते आणि चांगली माणसं देणगी द्यायची थांबतात. पाहुणे बोलवायचे तर एकच, भाषण पाच मिनिटं, आणि रक्तदान उद्घाटनाची वाट बघत थांबवायचं नाही, लोक आले की सुरू. हार-शालींचा खर्च आम्ही काढून टाकला, त्यात चांभारकाकांची मजुरी निघते.

व्हॉट्सॲपवर मेसेज तीनदाच टाका, पंधरा दिवस आधी, तीन दिवस आधी आणि आदल्या संध्याकाळी. पण नुसत्या मेसेजवर माणसं येत नाहीत, फोन करावे लागतात. एका मेंबरला दहा नावं, त्याने दहा जणांशी बोलायचं, "येतो" म्हणाले तर कितीला येणार ते विचारायचं. आमच्या शिबिरात येणाऱ्यांपैकी बहुतेक जण फोनमुळेच येतात.

सेक्रेटरी बदलतो तेव्हा ही सगळी माहिती त्याच्याबरोबर जाते, म्हणून एक वही ठेवा, मोबाईलमध्ये नाही, कागदाची. रक्तदात्यांची यादी आणि शेवटची तारीख, बायकांच्या दोन याद्या, निगेटिव्हवाले, कुठल्या झाडाला कोणाचं घर, मोतीबिंदूच्या पेशंटचे नातेवाईक, मांडववाला, जनरेटरवाला. १५ जूनपर्यंत नव्या माणसाला ती वही द्या आणि एक संध्याकाळ त्याच्यासोबत बसा.

आणि वही हातात आली की नव्या सेक्रेटरीने पहिला फोन हॉलवाल्याला करायचा, २५ एप्रिल २०२७ ची सकाळ धरून ठेवायला. एप्रिल-मे लग्नसराई, दिवाळीनंतर विचारायला गेलात तर मिळणार नाही. सातशे-हजार ॲडव्हान्स मागतात, देऊन टाका आणि पावती वहीतच चिकटवा.